या नळीतून कधी गोळी सुटली होती का?

रत्नागिरी जिल्ह्यात बंदूक ही नवलाची वस्तू नाही. रानडुकरं आणि माकडांपासून पीक राखायला शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक गावोगाव असते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची घाईही आपण पाहतो. रिव्हॉल्वर मात्र एखाद्याच घरात निघतं. पणजोबा पोलीस खात्यात होते, आजोबा पलटणीत अधिकारी होते, असं सांगितलं जातं आणि पाठोपाठ हेही की, याच्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. जुन्या शस्त्रांचे संग्राहक या शब्दावर फार मोठी किंमत लावतात. तो शब्द कितपत खरा मानायचा, एवढंच आज बोलणार आहे.

आपल्याकडची बहुतेक जुनी रिव्हॉल्वरं ब्रिटिश बनावटीची, त्यातही वेबली. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने वेबलीचा सहावा नमुना स्वीकारला, तो या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध. अशा रिव्हॉल्वरच्या नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरावर बारीक ठसे दिसतात. हे ठसे चाचणीचे. इंग्लंडात विक्रीला जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं उडवून ती टिकते का हे पाहण्याचा कायदाच आहे. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह त्यासाठी १८१३ साली स्थापन झालं. सहा घरांवर सहा ठसे, म्हणजे सहाही घरांतून बार निघालेला आहे. तेव्हा असं रिव्हॉल्वर ‘कधीच न उडालेलं’ असूच शकत नाही. फार तर, कारखान्यातून बाहेर पडल्यावर ते उडालं का, एवढंच विचारता येतं.

ते कुठे शोधायचं? सिलिंडर आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असते. गोळी सुटते तेव्हा तापलेला वायू त्या फटीतून बाहेर पडतो आणि सिलिंडरच्या समोरच्या तोंडावर, प्रत्येक घराभोवती, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं काळं कडं उमटवतो. दोनच घरांभोवती कडी असतील, तर कारखान्यातून बाहेर पडल्यावर बहुधा त्या दोनच घरांतून बार निघालेत. त्या फटीच्या वर जी पोलादी पट्टी असते, तिच्यावर बरंच वापरलेल्या हत्यारात वायूने कोरलेली आडवी रेघ उमटते. ही रेघ पुसून जात नाही. नळीच्या मागच्या तोंडाशी शिसं चिकटलेलं आढळतं. मागच्या बाजूला, घोड्याचं टोक जिथून बाहेर येतं त्या भोकाभोवती काडतुसाचं बूड आदळून गोल चकाकी आलेली असते.

सिलिंडरच्या अंगावर सभोवार गेलेली चकचकीत रेघ बघून मात्र पुष्कळ लोक फसतात. ती रेघ सिलिंडर नुसता फिरवल्यानेही पडते. घरातल्या मुलांनी रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढून खेळ केला असेल तरी पडते. तिचा गोळीशी संबंध नाही.

आणि आता आपल्या हवेविषयी, कारण इथे कोकणाचा प्रश्न वेगळा होतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरायचा. मिठासारखाच तोही ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. म्हणून त्या काळचे शिपाई नेमबाजीनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे आणि मगच तेल लावायचे. आपल्याकडे खारा वारा तेच काम बाहेरून करतो. तेव्हा नुसता गंज बघून काही ठरवू नये. गंज बाहेरच्या अंगावरही असेल तर बहुधा हवेचा. बाहेरचा निळसर काळा रंग शाबूत आणि नळीच्या आत मात्र खड्डे, असं असेल तर ते उडवून न धुता ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त.

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. हत्यार उडालं होतं, हे खुणांवरून दाखवता येतं. ते उडालं नव्हतं, हे कुठलीही खूण दाखवू शकत नाही. काळी कडी पुसता येतात, रंग नव्याने चढवता येतो. पहिला बार किती वर्षांपूर्वी निघाला, हे धातू सांगत नाही, आणि चाप कोणी ओढला हे तर नाहीच.

हे शेवटचं आपल्या जिल्ह्याने विशेष ध्यानात ठेवावं. खेड तालुक्यात जन्मलेल्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हाती ब्राउनिंग पिस्तूल होतं, सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीसांपैकी एक. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. पुढे १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अशा इतिहासाच्या गावात एखाद्या जुन्या पिस्तुलाला क्रांतिकारकांचं नाव सहज चिकटतं. त्या नावाला आधार द्यायचा तर पिस्तुलावरचा क्रमांक आणि खटल्याची कागदपत्रं जुळली पाहिजेत. नळीतल्या काजळीवर तो इतिहास उभा करू नये. त्या माणसांनी दिलेल्या किमतीचा तेवढा मान आपण राखलाच पाहिजे.

एक विनंती. माळ्यावर, जुन्या पेटीत असं हत्यार सापडलं, तर ते भरलेलं आहे असंच समजा. चाप ओढून पाहू नका, घासूनपुसून लख्ख करू नका, कारण त्यात खुणा जातात. जुनं आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही अशाच पुराण्या शस्त्राला कायद्यात सूट आहे. परवानाधारक वारले असतील तर वारसांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं आणि वारसाहक्काच्या परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या.