बुजरा सोबती

माणसाने ज्या प्राण्यांना आपल्या दाराशी आणले, त्यांत कुत्र्याचा मान पहिला. गाईगुरे, शेळ्यामेंढ्या, घोडे ही मंडळी पुष्कळ नंतरची. माणसाला शेती ठाऊक नव्हती तेव्हाही कुत्रे त्याच्या शेकोटीजवळ होते. काश्मीरमधील बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत माणसांसोबत पुरलेली कुत्री सापडली आहेत. महाराष्ट्रात तर दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रे धावते, आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवली आहे. त्या कथेत प्रत्यक्ष देवच कुत्र्याच्या रूपाने आला होता, म्हणून शेवट गोड झाला. साधे कुत्रे असते तर ते अधिकच जोराने पळाले असते. मागून येणाऱ्याच्या हातात तूप आहे की काठी, हे वळून पाहिल्याखेरीज कळत नाही. आणि भ्यालेले कुत्रे वळून पाहत नाही.

असे भ्यालेले कुत्रे घरी आणून त्याला घरचे करणे, हा आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. भटक्या कुत्र्यांविषयीचे प्रकरण २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यातील २२ ऑगस्टच्या आदेशात असे म्हटले आहे की, रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने स्थानिक महापालिकेकडे अर्ज करावा. मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची राहील. अर्ज करणे सोपे आहे. पुढच्या वाक्यातील जबाबदारीच खरी जड आहे. फाटक क्षणभर उघडे राहावे आणि बावरलेले जनावर दुसऱ्याच दिवशी निसटावे, असे सहज घडते. मग परक्या गल्लीतील कुत्री त्याला टिकू देत नाहीत, आणि जुन्या गल्लीची वाट त्याला सापडत नाही. धोब्याच्या कुत्र्याची म्हण अशा वेळी शब्दशः खरी ठरते.

ही गोष्ट भिलाईच्या संदर्भात पाहण्यात एक औचित्य आहे. हे गाव वसले तेच मुळी परक्यांचे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आंध्रातून, बंगालमधून, केरळातून, पंजाबातून माणसे आली. मराठी माणसाला हा मुलुख तितका अनोळखी नव्हता. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि भोसल्यांच्या काळापासून मराठी घराणी छत्तीसगडात नांदत होती. तरीही सेक्टरातील नव्या क्वार्टरात सामान उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या काही रात्री कारखान्याच्या अनोळखी आवाजात कूस बदलत काढल्या असतील. कालांतराने तो आवाज कानाआड झाला. कुत्र्याचेही काहीसे असेच आहे, फक्त त्याची समजूत घालायला कोणी शेजारी येत नाही.

समजा, अशाच एका क्वार्टरात एक मराठी कुटुंब राहते आहे. मागे लहानसे अंगण, अंगणात पेरूचे झाड. घरात आजी, पाळीवर जाणारा कर्ता, त्याची पत्नी आणि दोन शाळकरी मुले. बाजाराच्या कडेला सापडलेले सातआठ महिन्यांचे एक गावठी कुत्रे त्यांनी घरी आणले आहे. अशा घरात पहिला उत्साह बहुधा दोन गोष्टींत प्रकट होतो. कुत्र्याला तत्काळ आंघोळ घातली जाते, आणि शेजारपाजारच्या मुलांना ते पाहण्यासाठी बोलावले जाते. दोन्ही गोष्टी प्रेमापोटीच होतात, आणि दोन्ही त्या दिवशी टाळाव्यात. ज्याला माणसाच्या हाताची धास्ती आहे, त्याच्या अंगावर परक्या हातांनी पाणी ओतणे म्हणजे ओळख होण्यापूर्वीच वैर पत्करणे होय. अंगावरची धूळ चार दिवस राहिली तर बिघडत नाही. रेबीजची लस आणि पशुवैद्याची तपासणी यांना मात्र विलंब लावू नये. त्यातही एखादा दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना लावीत बसू नये.

हे भय येते कोठून? अमेरिकेतील फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले कुंपण घातलेल्या मैदानात माणसाच्या सहवासाविना वाढवली होती. मधूनच एकेकाला वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांत आणले जाई. काही आठवड्यांच्या वयात आणलेली पिल्ले माणसाला चटकन सरावली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटीच राहिली. रस्त्यावरच्या पिल्लाला माणूस भेटतो. पण कित्येकदा तो दगड उचलणारा माणूस असतो. त्यामुळे नुसते कोणी खाली वाकले तरी ते पळते. चप्पल उचलण्यासाठी वाकलेला माणूसही त्याच्या लेखी दगडच उचलत असतो. पुष्कळ घरांत याला हट्ट किंवा कृतघ्नपणा समजले जाते. ‘आपण याला खाऊ घालतो, आणि हे आपल्यालाच भिते’, अशी आजीची तक्रार असते. तक्रारीत तथ्य आहे, फक्त ती कुत्र्याच्या मागील मालकांवर, म्हणजे साऱ्या रस्त्यावर करावयास हवी.

म्हणून पहिल्या दिवशी त्याला एक कोपरा द्यावा. कोपरा खरोखर कोपराच असावा. माणसांची ये-जा असणारी वाट किंवा ओटीचा मध्य नव्हे. पलंगाखालची जागा त्याने आपण होऊन निवडली, तर तीच राहू द्यावी. खाली जुनी सतरंजी, जवळ पाण्याचे भांडे, आणि घरातील एखाद्याचा न धुतलेला सदरा. कुत्रे माणसाला आधी नाकाने ओळखते. कारखान्यातून येणाऱ्याच्या कपड्यांना लोखंडाचा आणि तेलाचा वास असतो, आजीच्या लुगड्याला चुलीचा आणि उदबत्तीचा. निवांतपणी तो वास हुंगता आला, तर निम्मी ओळख परस्पर होऊन जाते. त्याला ओढून बाहेर काढू नये, वरून डोक्यावर हात नेऊ नये, आणि टक लावून पाहू नये. जवळ जाऊन, पण त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे आणि वर्तमानपत्र वाचावे. मधूनच भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण त्याच्या दिशेने टाकावा, आणि ते जवळ आले तरी हात पुढे करू नये. मुलांना हे फार अवघड जाते. खरे म्हणजे मोठ्यांनाही जाते. उपकार केल्यावर आभार मिळण्यासाठी थांबणे माणसाच्या स्वभावात बसत नाही.

भ्यालेले कुत्रे बोलत असते, फक्त ते आवाजाने बोलत नाही. शेपटी पोटाशी घेणे आणि कान मागे पाडणे सर्वांना कळते. परंतु झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर अन्न नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, मान दुसरीकडे वळवणे, एकाएकी दगडासारखे स्तब्ध होणे, ही त्याच भाषेतील वाक्ये आहेत. शेवटचे वाक्य म्हणजे गुरगुरणे. त्याबद्दल कुत्र्याला मारणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांची ही शिस्त घातक आहे. गुरगुरणे ही नोटीस आहे. नोटीस देण्याचीच शिक्षा मिळू लागली, तर कार्यवाही पुढे नोटिशीवाचून होते.

भयाची मुळे किती खोल जातात, याचे एक उदाहरण रशियातीलच आहे. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली. त्यांना मोठ्या शिकस्तीने, पाण्यातून पोहवीत बाहेर काढण्यात आले. त्यानंतर काही कुत्र्यांच्या शिकवलेल्या सवयी पार विस्कटल्या. त्यांपैकी एकाची घडी महिन्यांनी पुन्हा बसली. तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखालून थोडेसे पाणी आत सोडून पाहिले, आणि ते तत्क्षणी पुन्हा पूर्ववत बावरले. भय पुसले जात नाही, त्यावर नवी आठवण बसवावी लागते. आणि ती नवी आठवण बारीक पायऱ्यांनी बसते. कुकरच्या शिट्टीला कुत्रे भीत असेल, तर त्याला स्वयंपाकघरात नेऊन बांधणे हा उपाय नव्हे. ते दूरच्या खोलीत असताना शिट्टी व्हावी आणि शिट्टीमागोमाग त्याला खाऊ मिळावा; खोली मग दिवसागणिक जवळ यावी. दिवाळीचे फटाके ही मात्र शिकवणीची वेळ नव्हे. त्या रात्री दारेखिडक्या बंद करून, पंखा आणि रेडिओ लावून, कोणीतरी नुसते सोबत बसावे. अनेक घरांतली कुत्री त्याच रात्री हरवतात. गळ्यातील पट्ट्यावर दूरध्वनीचा क्रमांक आधीच घातलेला असावा.

भिलाईच्या घरांत आणखी एक गंमत उद्भवते, ती भाषेची. आजी मराठीत बोलते, मुले आपसांत हिंदीत, आणि कामाला येणारी बाई छत्तीसगढीत. मराठीत ‘बस’ म्हटले म्हणजे खाली बसावयाचे. हिंदीत ‘बस’ म्हणजे पुरे. आजी ‘बस’ म्हणाली की शाबासकी मिळते, आणि मुलगा ‘बस’ म्हणाला की पुढ्यातील ताटली उचलली जाते. बिचाऱ्या प्राण्याने काय समजावे? घराने एक शब्द ठरवावा आणि सर्वांनी तोच वापरावा. कोणत्या भाषेतला, याला महत्त्व नाही.

ज्या १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली, त्याच साली सैबेरियात, नोव्होसिबिर्स्क येथे, दिमित्री बेल्यायेव्ह यांनी कोल्ह्यांवरील आपल्या प्रयोगाला प्रारंभ केला. लोकरीसाठी पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांतून, माणसाला सर्वांत कमी भिणारे तेवढे प्रत्येक पिढीत निवडायचे, एवढीच अट. थोड्याच पिढ्यांत काही कोल्हे माणसाला पाहून शेपटी हलवू लागले, हात चाटू लागले. पुढे बेल्यायेव्ह यांच्या सहकारी ल्युडमिला त्रूत यांनी हे काम दीर्घकाळ चालवले. त्यावरून असे दिसते की, भय कमी होणे हीच माणसाळण्याची पहिली पायरी असावी. प्रजातीला जे पिढ्यान्‌पिढ्या लागले, ते क्वार्टरातील एका कुत्र्याने दोन आठवड्यांत करावे अशी घाई करण्यात अर्थ नाही. त्याच्या रक्तात ती तयारी आधीच आहे, हे मात्र खरे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसांकडून कधी खाणे, तर कधी नुसते कुरवाळणे दिले. पुनःपुन्हा भेट झाल्यावर विश्वास अधिक बसला तो कुरवाळणाऱ्यांवर. भाकरीने कुत्रे जवळ येते, पण जवळ राहते ते दुसऱ्याच कशाने तरी.

नजरेचेही असेच. आरंभी जी नजर धमकी वाटते, तीच पुढे दोघांना जोडणारा दुवा होते. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, कुत्रे आणि त्याचा माणूस एकमेकांकडे दीर्घकाळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातही हीच क्रिया घडते. मात्र ही नजर कुत्र्याने आपण होऊन उचलावी लागते. हनुवटी धरून वर केलेली चालत नाही.

नोकरीच्या गावात आणखी एक विचार आधीच करावा. आज ना उद्या बदली किंवा निवृत्ती येते आणि क्वार्टर सोडावे लागते. सामानाच्या यादीत ज्याचे नाव घालता येणार नाही, त्याला घरी आणू नये. कारण एकदा माणसावर विसंबलेले कुत्रे दुसऱ्यांदा रस्त्यावर गेले, तर त्याला ना जुनी धूर्तता उरते, ना नवा आसरा.

जेथे हे सारे सांभाळले जाते, तेथे बदल असा काही गाजावाजा करून येत नाही. महिना, दोन महिने, कधी सहा महिनेही जातात. एके दुपारी आजी तांदूळ निवडीत बसलेली असते, आणि पलंगाखालचे कुत्रे तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर येऊन आडवे होते. आजीने वळून पाहू नये, हे तिला आता शिकवावे लागत नाही. संध्याकाळी पाळी सुटते आणि शेकडो दुचाकी एकाच रस्त्याने परततात. त्यांतील एकीचा आवाज कुत्रे वळणावरच ओळखते, उठते आणि दाराशी जाऊन उभे राहते. दार उघडले की ते अजूनही दोन पावले मागे सरते. पण शेपटी मात्र हलत असते.