रुळावरची घाई
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच दिवस गेले. त्यामुळे साहित्य, अध्यात्म असले विषय मी जाणकारांसाठी ठेवतो आणि रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या एका गोष्टीवर बोलतो. ती गोष्ट म्हणजे रूळ ओलांडून जाण्याची आपली सवय.

सियालदहहून राणाघाटकडे जाणारी आपली ही लाइन 1862 साली सुरू झाली. पलीकडच्याच वर्षी कांचरापाड्याचा कारखाना उभा राहिला. लाइनच्या दोन्ही बाजूंना गावे वाढली, बाजार वाढले, टिटागढ-जगद्दलकडे चटकली उभ्या राहिल्या. आज बराकपुरात कुणाचे घर पूर्वेला आणि गंगेचा घाट पश्चिमेला, कुणाची शाळा इकडे आणि शिकवणी तिकडे. म्हणजे रूळ ओलांडणे कुणालाच चुकत नाही. प्रश्न आहे तो कुठून आणि कसे ओलांडायचे, एवढाच.

आधी आमच्या लोकांचे सांगतो. ज्यांना पूर्वी गँगमन म्हणत, ते आता ट्रॅक मेंटेनर झाले. नाव बदलले, हातोडा तोच. त्यांच्यातला चावीवाला रोज आपल्या हद्दीतला रूळ चालत तपासतो. ढिली झालेली क्लिप ठोकून बसवतो. थंडीत पहाटे रूळ आकसतो आणि तडकण्याची भीती असते, उन्हाळ्यात तो प्रसरण पावून वाकण्याची भीती असते. पिशवीत लाल झेंडी आणि रुळावर लावायचे फटाके असतात. या माणसाला कुठली गाडी कधी येते हे पाठ असते. तरीसुद्धा गँग रुळावर काम करते तेव्हा एक माणूस हातात काम न देता बाजूला उभा ठेवतात. त्याने फक्त गाडी बघायची आणि शिट्टी वाजवायची. त्याला आम्ही लुकआऊट म्हणतो. उभे आयुष्य रुळावर काढलेल्या माणसाच्या कानावरही रेल्वे भरवसा ठेवत नाही. मग कानात इअरफोन घातलेल्या पोराच्या कानावर किती ठेवायचा?

थोडे गणित करू. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर धावते. 200 मीटरवर दिसणारी गाडी नऊ सेकंदांत तुमच्यापाशी पोहोचते. मोटरमनने तुम्हाला पाहून ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. लोखंडावर लोखंड घसरत काही शे मीटर जाते. तो हॉर्न वाजवू शकतो, गाडी बाजूला घेऊ शकत नाही. शिवाय एक गाडी गेली की लोक लगेच पाय टाकतात आणि तिच्या आड लपलेली दुसऱ्या लाइनवरची गाडी त्यांना दिसतच नाही.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने 2012 साली अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे 15,000 माणसे मरतात आणि त्यातली सुमारे 6,000 एकट्या मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, असे त्यात म्हटले होते. अहवालाने याला अपघात न म्हणता कत्तल हा शब्द वापरला. आपल्या मराठी शास्त्रज्ञाने अणुभट्टीचे काम पाहिले, पण हा शब्द त्यांच्या समितीला रेल्वेसाठी वापरावा लागला, याचा विचार व्हायला हवा.

आता कुणी म्हणेल, लोक अडाणी आहेत. मला ते पटत नाही. रूळ ओलांडणाऱ्यांत मी शिकलेसवरलेले लोक रोज बघतो. पूल फलाटाच्या एका टोकाला, उतरायचे दुसऱ्या टोकाला, पायऱ्या पावसात ओल्या, त्यात गर्दी. गुडघे दुखणाऱ्या आजींनी चाळीस पायऱ्या चढायच्या तरी कशा? तेव्हा पूल योग्य जागी हवा, सरकता जिना चालू हवा, हे मागणे आपले काम आहे आणि पुरवणे प्रशासनाचे. ब्रॉडगेजवरची बिनरखवालदाराची सगळी फाटके जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. म्हणजे मनावर घेतले की होते.

मुंबईत वडाळ्याला केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. मोठी वस्तू लांबून येताना आपल्या डोळ्याला हळू वाटते, हे लक्षात घेऊन तिथे काही अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येताना दिसली की तिचा खरा वेग कळतो. लांबलचक हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न वाजवायला सांगितले, कारण मधल्या शांततेमुळे कान टवकारतात. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे मोठे फोटो लावले. 'रूळ ओलांडू नका' ही पाटी वर्षानुवर्षे होतीच, तिने जे झाले नाही ते डबाभर रंगाने बरेचसे साधले. तिथले मृत्यू कमी झाले.

जो जातो तो जातो. मागे राहणाऱ्यांचे कुणी विचारत नाही. रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली हा गुन्हा ठरतो, त्यामुळे घरच्यांच्या हाती सहसा भरपाईही पडत नाही. मोटरमनने शेवटच्या क्षणी तो चेहरा काचेतून पाहिलेला असतो. माझ्या गँगमधल्या एका माणसाला अशा वेळी रुळावर जावे लागले. नंतर त्याने हात धुतले, पुन्हा धुतले आणि दुपारचा डबा न उघडता घरी नेला. बायकोने विचारले तर काय सांगितलेस, म्हणून मी विचारले. म्हणाला, "भूक नव्हती म्हणालो." त्याच्या हुद्द्याच्या कामांत हे काम कुठेही लिहिलेले नाही.

हे सगळे गणपतीच्या मांडवात का बोलतो, ते आता सांगतो. आपली विसर्जनाची मिरवणूक फाटक ओलांडून गंगेवर जाते. 19 ऑक्टोबर 2018 रोजी अमृतसरला जोडा फाटकापाशी लोक रुळावर उभे राहून रावणदहन बघत होते. फटाक्यांच्या आवाजात गाडी ऐकू आली नाही आणि सुमारे साठ माणसे गेली. सण होता, लेकरे खांद्यावर होती. आपल्याकडे ढोल आणि झांजा असतात, एवढाच फरक.

म्हणून मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, फाटकाच्या पन्नास पावले अलीकडे वाद्ये थांबवावीत आणि पलीकडे गेल्यावरच पुन्हा सुरू करावीत. दुसरी, गँगसारखेच आपणही दोन लुकआऊट नेमावेत. त्यांनी नाचायचे नाही, गुलाल खेळायचा नाही, दोन्ही बाजूंना फक्त गाडी बघायची. फाटक पडू लागले की सगळे थांबतील, अर्धी मिरवणूक इकडे आणि अर्धी तिकडे राहिली तरी चालेल. तिसरी, वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तिला हात लागायचीही गरज नाही, दोन मीटरच्या आत काही गेले तरी घात होतो. ट्रकवर उभे राहून कुणी झेंडा नाचवू नये.

लुकआऊटचे एक काम मी स्वतः घेतो. दुसऱ्यासाठी एक नाव हवे आहे. तरुण मुलांपैकी कुणी पुढे आले तर काय बघायचे, कुठे उभे राहायचे, हे मी शिकवीन.

आणि बालगोपाळांनो, तुम्हाला वेगळे काम. आई-बाबा घाईत रूळ ओलांडू लागले की त्यांचा हात धरून पुलाकडे ओढायचे. मोठी माणसे माझे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतात.



गणपती बाप्पा मोरया!