व्यवहार संपला तरी कागद बोलतो



आपल्या मावळातल्या बचत गटांचं आता कंपन्यांशी दोन तऱ्हांनी नातं जुळतं. एक मालाचं. आपला इंद्रायणी तांदूळ, पापड, चटण्या, लाडू लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि तळेगावच्या कारखान्यांच्या कँटीनमध्ये जातात. दुसरं जागेचं. कुणाची रस्त्यालगतची शेड कंपनीने गोदामासाठी घेतलेली असते, तर कुणाचा गटच भाड्याच्या गाळ्यात पापड लाटत असतो.

ऑर्डर चालू असते तोवर सगळं फोनवर भागतं. "ताई, पैसे पुढच्या आठवड्यात." आपणही ऐकून घेतो. मग साहेब बदलतात, कंत्राट दुसऱ्याला जातं, आणि आपण 'जुने पुरवठादार' किंवा 'जुने जागामालक' होतो. थकलेले पैसे मागितले की उत्तर येतं, "तुमचा माल खराब होता." भाडं मागितलं की, "छत गळत होतं, डिपॉझिटमधून वळतं करा." भांडण लागतं ते व्यवहार संपल्यावर, आणि तेव्हा बोललेलं कुणालाच आठवत नाही. अशा वेळी कायदा काय विचारतो, ते आज पाहू.

आधी मालाचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमई विकास कायदा आहे. समजा, १ जूनला आपला माल कंपनीत पोचला. पंधरा दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर माल १ जूनलाच स्वीकारला असं कायदा धरतो. पैशांच्या मुदतीचा लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही. ऑर्डरच्या कागदावर कुणी '९० दिवसांनी' असं छापलं असेल, तर ते कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने द्यावं लागतं.

दाद मागायची ती सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे. अर्ज ऑनलाइन करता येतो. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो झाला नाही तर लवादाने निवाडा होतो. निवाड्याविरुद्ध कंपनीला कोर्टात जायचं असेल, तर ठरलेल्या रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात. एवढं बळ लहान पुरवठादाराला एरवी कुठे मिळतं?

पण हे बळ नोंदणी केलेल्यांना मिळतं. महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं, की करार करताना नोंदणी नव्हती आणि भांडण झाल्यावर केली, तर मागच्या व्यवहाराला तिचा उपयोग नाही. म्हणून पहिली ऑर्डर घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करून ठेवा. ती फुकट आहे, आणि तिथे बचत गट म्हणूनही नाव नोंदवता येतं. मात्र माल स्वतः बनवायला हवा. नुसता विकत आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला उशिराच्या पैशांची ही तरतूद लागू नाही.

दुसरं प्रकरण केरळच्या एसटी महामंडळाचं. टायरवर चढवायचं रबर पुरवणाऱ्यांना ९० टक्के रक्कम माल दिल्यावर आणि उरलेली १० टक्के टायर कसा चालला ते पाहून, अशी अट होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. लवादापुढच्या दाव्यालाही मुदतीचा कायदा लागतो, आणि कंपनीला त्याच ठिकाणी उलट दावा करता येतो. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी ही मुदत साधारण तीन वर्षांची असते. म्हणजे भिडेखातर चार-चार वर्षं गप्प बसलात, तर हक्काचे पैसेही हातचे जातील. आणि माल उतरवताना पोचपावतीवर सही घेतली नसेल, तर 'खराब होता' या आरोपाला उत्तर कशाने देणार?

आता जागेचं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार काय किंवा लिव्ह अँड लायसन्स काय, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शेड आपली असेल तर हे नीट लक्षात ठेवा.

आणखी एक. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी, बँक किंवा सरकारी कंपनी भाडेकरू असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ओरिएंटल इन्शुरन्स या सरकारी विमा कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितलं. कायद्याने मानलं, की मोठ्या कंपनीला बाजारभावाने भाडं परवडतं. पण त्यामुळे अशा ठिकाणी करारात काय लिहिलंय याला जास्तच महत्त्व येतं. मुदत, भाडंवाढ, डिपॉझिट कधी परत, दुरुस्ती कुणी करायची, जागा कशी सोडायची, हे सगळं शब्दांत हवं.

मैत्रिणींनो, कंपनीशी वैर धरायला मी सांगत नाही. वेळेवर पैसे देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यांनाही नीट कागद आवडतो. गटाच्या कपाटात प्रत्येक कंपनीची एक फाईल करा. तिच्यात ऑर्डर, सहीची पोचपावती, बिल, पैशांच्या मागणीचं पत्र आणि जागेचा करार ठेवा. फोनवर काही ठरलं, तर त्याच दिवशी ते मेसेज करून पाठवा. आणि पुढच्या मासिक बैठकीत हप्ते मोजून झाले, की एक प्रश्न विचारा : ४५ दिवस उलटलेलं बिल कुणाकडे आहे?