पाळण्यातले परके नाव



व्याख्यानमालेला डॉक्टर बोलावला की तो मधुमेहावर बोलणार असे गृहीत धरलेले असते. मी बोलणार नाही. गेली पस्तीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो आहे, आणि आमच्या शास्त्रात रोग्याचे सगळे बोलणे ऐकून घ्यावे लागते. त्या सवयीने आयुष्यभर लोकांच्या घरातली भांडणे ऐकली. आज आमच्याच घरातले एक सांगतो. हे भाषण छापून इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी घरांत जाते, म्हणून आणखी धीटपणे सांगतो. तुमच्या घरात हे घडलेले असेल, नाहीतर घडायचे असेल.

आमची सून धारवाडची. जैनच आहे, पण घरची भाषा कानडी. पहिले बाळंतपण माहेरी झाले, मुलगी झाली. पाचव्या दिवशी सूनबाईंनी सांगितले, ‘हिचे नाव अत्तिमब्बे ठेवायचे.’ मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, ‘असले नाव असते का?’ त्याने ‘मायरा’ ठरवून ठेवले होते. बायकोला न विचारता, हेही नोंदवतो.

मी अर्थातच मुलाच्या बाजूने उभा राहिलो. कारण काय दिले? ‘नाव आपल्यातले वाटत नाही.’

‘आपल्यातले’ म्हणजे काय, हे सांगायची पाळी आली तेव्हा मला घाम फुटला. आमचा धर्म एक. मंदिर एक, पर्युषण एक. परकी होती ती फक्त भाषा. आणि तुम्ही जाणता, बेळगावात ‘फक्त भाषा’ असे काही नसते. 1956 पासून या गावात दुकानाच्या पाटीवर कुठल्या लिपीतले अक्षर किती मोठे, यावर माणसे हमरीतुमरीवर येतात. एक नोव्हेंबरला अर्धे गाव राज्योत्सव करते आणि अर्धे काळा दिवस पाळते. मी दुसऱ्या अर्ध्यातला. अशा घरात नातीचे नाव जुन्या कानडीतले? उद्या मंडळात तोंड कसे दाखवू, हा माझा खरा प्रश्न होता. बाळाच्या भल्याची भाषा मी त्यावर पांघरूण म्हणून वापरत होतो.

मुलाची अडचण मात्र खोटी नव्हती. त्याचे नाव आम्ही आमच्या श्रद्धेने ठेवले होते. काय ते सांगत नाही, घरच्यांची नावे मी व्याख्यानात घेत नाही. पण 2015 साली त्या नावाचा एक प्रचंड चित्रपट आला, एवढे सांगितले तरी पुरे. तेव्हापासून ऑफिसात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, कटप्पाने तुला का मारले? तो हसून घेतो. पण रात्री फोनवर एकदा म्हणाला होता, ‘अप्पा, नाव म्हणजे दुसऱ्यांच्या हातात दिलेली काठी आहे.’ मुलीला तसली काठी नको, साधे, दोन-तीन अक्षरांचे, कुठेही चालणारे नाव हवे, एवढेच त्याचे म्हणणे. दवाखान्यात रडत येणारी पोरे पाहिलेला माणूस हे म्हणणे झटकून टाकू शकत नाही.

पण ऐका, तो मला ‘अप्पा’ म्हणाला. मी माझ्या वडिलांना ‘अण्णा’ म्हणत होतो, मोठ्या बहिणीला ‘अक्का’. हे तिन्ही शब्द कानडीच्या बाजूचे. पुण्या-नागपुरातल्या मराठी घरांतसुद्धा ते इतके मुरले आहेत की कुणी त्यांना पाहुणे म्हणत नाही. माझे जुने केसपेपर काढून पाहिले तर नावे कसली? कल्लाप्पा, यल्लाप्पा, भरमाण्णा, तवनप्पा, बाळगोंडा. यातले कितीतरी जण सीमाप्रश्नाच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसला म्हणून माझ्याकडे गोळ्या घ्यायला यायचे. मराठीसाठी बसलेल्या त्या घशांची नावे ‘अप्पा’ने संपणारी होती आणि ते कुणाला खुपत नव्हते. ज्ञानदेवांच्या कानडा विठ्ठलाचे उदाहरण इथे द्यायचे असते. प्रत्येक वक्ता देतो, म्हणून मी देत नाही.

आता मुलाच्या ‘मायरा’कडे या. कुठले हे नाव? फुल्क ग्रेव्हिल नावाच्या एका इंग्रज कवीने चारशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेसाठी बनवलेले. ना त्याला मराठी आजी, ना कानडी. ते आमच्या घरात सहज शिरत होते, कुणी दारात अडवले नाही. अडवले कुणाला, तर गदगजवळच्या लक्कुंडीहून आलेल्या जैन बाईला. दूरचा परका चालतो, शेजारचा परका चालत नाही. मी हे त्या दिवसांत स्वतःत पाहिले, आणि एखाद्या रोग्याची लक्षणे लिहून घ्यावीत तसे लिहून ठेवले.

ही अत्तिमब्बे कोण, हे मला माहीत नव्हते. साठी ओलांडलेला जैन माणूस, आणि माहीत नव्हते. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे, हे मी या व्यासपीठावरून दोनदा अभिमानाने सांगितले आहे. त्याच पायाशी तीच गोष्ट कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. ते सांगताना माझा आवाज जरा खाली यायचा. सूनबाईंनी नेमके तिथे बोट ठेवले. म्हणाल्या, ‘मामा, एक ओळ वाचली, शेजारच्या वाचायच्या राहिल्या का?’

म्हणून वाचले. दहाव्या शतकाची अखेर, कल्याणीच्या चालुक्यांचा काळ. अत्तिमब्बे ही सेनापती नागदेवाची बायको. तिची धाकटी बहीण गुंडमब्बे, तीही त्यालाच दिलेली. नागदेव लढाईत पडला. गुंडमब्बे सती गेली. अत्तिमब्बे गेली नाही, तिच्या पदरात मुलगा होता. तिने मुलगा वाढवला, व्रतस्थ राहिली आणि हातातले द्रव्य दोन गोष्टींवर लावले, मंदिरे आणि पुस्तके. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या तिने एक हजार प्रती करवून वाटल्या. छापखाना यायला अजून साडेचारशे-पाचशे वर्षे होती. एकेक पान, एकेक अक्षर हाताने लिहायचे, आणि ते हजार वेळा. रन्न कवीला तिने आश्रय दिला आणि त्याने 993 साली ‘अजितपुराण’ पुरे केले. लक्कुंडीचे तिचे जिनमंदिर अजून उभे आहे, तिथला लेख 1007 सालचा. ‘दानचिंतामणी’ ही तिची पदवी, आणि त्या नावाने कर्नाटक सरकार साहित्यिक स्त्रियांना पुरस्कार देते.

मला सर्वांत धरून ठेवले ते एका लहान गोष्टीने. हा रन्न मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्या कासाराच्या घरातला. त्याला दोन आधार मिळाले, एक चामुंडराय आणि दुसरी ही बाई. रन्नाने मुलाचे नाव ठेवले राय, आणि मुलीचे अत्तिमब्बे. म्हणजे कुणाच्या तरी पाळण्यात हे नाव हजार वर्षांपूर्वी एकदा असेच उचलून ठेवले गेले होते, दुसऱ्याच्या घरातून आणून.

हे सगळे मी मुलाला फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘छान आहे अप्पा. पण इतिहास शाळेच्या हजेरीपटावर येत नाही, नुसते नाव येते.’ बरोबर होते. तडजोड म्हणून त्याने ‘अत्तिमा’ सुचवले. ऐकायला गोड, आधुनिक. मला आवडले. सूनबाईंना नाही. ‘जुन्या कानडीत अब्बे म्हणजे आई. तेवढीच तुम्ही काढून टाकता.’ पुढे कुणाला बोलता आले नाही.

बारशाला पाळणा बांधला, माझी मुलगी आत्या म्हणून गेली. धारवाडकडेही बापाची बहीणच नाव ठेवते, तिला सोदरत्ते म्हणतात, म्हणजे मान तिचाच. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले, कुर्र केले आणि काय म्हणाली ते अजून कुणाला सांगितलेले नाही. पाठीवर धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या, आणि बाळ बिननावाचेच घरी आले. कायद्याने अडत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची जागा रिकामी ठेवता येते. 12 महिन्यांच्या आत नाव फुकट भरता येते, त्यानंतर विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. घराला मात्र इतका दम निघत नाही. आम्ही तिला बाळी म्हणत होतो, व्याही मंडळी पुट्टी. दोन्हींचा अर्थ एकच, लहानगी.

चौथ्या महिन्यात सूनबाई बेळगावला आल्या. दुपारी स्वयंपाकघरात शेंगा फोडत त्या आणि आमच्या घरातून बसल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे वाचायचा बंद झालो होतो. सूनबाईंनी विचारले, ‘अत्ते, तुमचं नाव बदललं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?’

इथे थोडे मागे जातो. आमचे लग्न 1988 चे. पत्नीचे माहेर हुबळीकडचे, आणि तिचे माहेरचे नाव ‘अव्वा’ने संपणारे, पणजीचे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीने मी नवे नाव लिहिले. चांगले संस्कृत, मराठी कानाला गोड असे मीच निवडले होते, एका कादंबरीतून. त्या काळी सगळेच करत. राजघराण्यात तर याहून पुढची गोष्ट झालेली. बडोद्याचे श्रोते जाणतात, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाई. लग्नात त्या चिमणाबाई झाल्या. त्या 1885 साली वारल्या आणि देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई आल्या. त्यांचेही नाव चिमणाबाई! गेलेल्या बाईचे नाव आलेल्या बाईला. या दुसऱ्या चिमणाबाईंनीच पुढे स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि 1927 साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. गजराबाई या नावाने त्यांना पुढे कुणी हाक मारली असेल का, हे माझ्या मनात अलीकडे येते.

तर, आमच्या घरातून काय उत्तर दिले? ‘विचारलं नव्हतं. पण माझा भाऊ फोन करतो ना, तो जुन्या नावानं करतो. त्या दोन मिनिटांत मी तीच असते.’ आणि शेंगांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्यापाशी आले नव्हते. मी रोग्याला स्वप्ने विचारतो. उशी कुठल्या बाजूला घेता, गोड आवडते की खारट, हेही विचारतो. घरातल्या माणसाला हे विचारले नव्हते.

त्या रात्री मी मुलाला फोन केला. बाजू बदलली असे म्हणालो नाही, एवढेच सांगितले की मी बाजू सोडली आहे. तुमचे दोघांचे काय ते तुम्ही ठरवा. पुढे दीड महिना ते भांडले. काय काय बोलले ते माझ्यापर्यंत आले नाही, येऊही नये. एक दिवस मुलाचा निरोप आला, ‘अत्तिमब्बे. पण शाळेत तिला त्रास झाला तर पहिला मी बोलणार.’ सूनबाईंनी ते मान्य केले. मायरा गेली.

नाव भरायला मुलाबरोबर मीही धारवाडला गेलो. मला वाटले, इथे तरी कौतुक होईल. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि अस्सल धारवाडी सुरात म्हणाला, ‘ई कालदाग इंथ हेसरु यार इडतार्री?’ या काळात असले नाव कोण ठेवते हो? म्हणजे त्यालाही ते परकेच! मुलगा माझ्याकडे पाहून हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघे एकाच गोष्टीला हसलो.

आता ती चार वर्षांची आहे, पुण्यात बालवर्गात जाते. बाईंनी पहिल्या दिवशी ‘अतिम्बे’ म्हटले, तिने सांगितले, ‘ब दोनदा आहे.’ एका मुलाने तिला ‘आंबे’ म्हणून चिडवले, ती रडत घरी आली. ठरल्याप्रमाणे मुलगा बोलला. सूनबाईंनी ऐकून घेतले. आठ दिवसांनी तो चिडवणारा मुलगा घरी खेळायला आला होता. पुढे आणखी येतील चिडवणारे. मुलाची भीती चूक होती असे मी म्हणणार नाही.

गेल्या दिवाळीत सगळे बेळगावात होते. नातीने आजीला विचारले, ‘तुझं आधीचं नाव काय गं?’ आजीने सांगितले. नातीने ते दोनदा म्हणून पाहिले आणि मग दिवसभर त्याच नावाने हाक मारत घरभर फिरली. रात्री आवराआवर झाल्यावर पत्नीने मला विचारले, ‘नाव बदलून घ्यायला काय काय लागतं हो?’

प्रतिज्ञापत्र लागते, राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, मग आधार आणि बँक. मी सगळी माहिती काढली, अर्ज आणला. तो दवाखान्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्या सहीची जागा भरलेली आहे. ‘बदलाचे कारण’ या रकान्यात काय लिहायचे, यावर मी अडलो आहे.