कॉन्व्हेन्टमधील पाचवी ते आठवीचा अभ्यासक्रम आणि आपण पालक
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय आपल्या पनवेलच्या प्रत्येक मोहल्ल्यात, जून महिना जवळ आला की घरोघरी निघतो. मुलगा चौथी पास झाला, मुलगी पाचवीत जाणार. आता उर्दू शाळेतच ठेवायचे की कॉन्व्हेन्टमध्ये घालायचे? नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे ही वस्ती सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० नंतर वाढत गेली आणि तिच्याबरोबर इंग्रजी शाळाही वाढल्या. त्यामुळे हा प्रश्न आता मोजक्या सुखवस्तू कुटुंबांचा राहिलेला नाही. रिक्षा चालविणारा बापही तो विचारतो आणि दुकानदारही विचारतो. म्हणून पाचवी ते आठवी या मधल्या चार इयत्तांत कॅथलिक शाळेत नेमके काय शिकवतात, हे आज आपण शांतपणे पाहू.

प्रथम शब्दाचा खुलासा करतो. कॉन्व्हेन्ट म्हणजे मुळात जोगिणींचा, म्हणजे नन्सचा मठ. त्या मठाने चालविलेली शाळा ती कॉन्व्हेन्ट शाळा. आपण मात्र टाय बांधून मुले जातात ती प्रत्येक इंग्रजी शाळा कॉन्व्हेन्ट समजतो. पाटीवर 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेन्ट' लिहिले म्हणजे ती चर्चचीच शाळा असते, असे नाही. खरी कॅथलिक शाळा ही एखाद्या धर्मप्रांताची किंवा संन्यासी संघाची असते. आपला रायगड जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत मुंबईच्या आर्चडायोसीजमध्ये येतो. तेव्हा पहिली चौकशी हीच करावी की शाळा कोणाची आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे की, कॉन्व्हेन्टमध्ये काही वेगळे, वरच्या दर्जाचे गणित किंवा विज्ञान शिकवले जाते. राज्य मंडळाशी जोडलेल्या शाळेच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. पुण्याची बालभारती ही पाठ्यपुस्तक संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. ती मराठी, उर्दू, इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड अशा अनेक माध्यमांची पुस्तके काढते. २०१६ ते २०१८ या काळात सहावी, सातवी व आठवीची जी पुस्तके आली, त्यांत उर्दू शाळेतील सहावीच्या मुलाला जे विज्ञान आहे तेच इंग्रजी शाळेतील मुलाला आहे. इतिहासात सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन काळ व आठवीला आधुनिक भारत. नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधानाची ओळख आणि आठवीला संसदीय शासनपद्धती. १८५२ साली स्थापन झालेली आपली पनवेल नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. नगरपालिका आणि महानगरपालिका यांत फरक काय, हा धडा कॉन्व्हेन्टच्या मुलालाही आहे आणि मोहल्ल्यातील उर्दू शाळेच्या मुलालाही आहे.

काही कॅथलिक शाळा राज्य मंडळाच्या नसून केंद्रीय मंडळाच्या किंवा आय.सी.एस.ई.च्या असतात. त्यांची पुस्तके वेगळी असतात व खर्चही बहुधा अधिक असतो. पण मराठीतून तेथेही सुटका नाही आणि नसावीही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे.

मग फरक कशात आहे? माझ्या मते तो तीन गोष्टींत आहे.

पहिला फरक माध्यमाचा व भाषांच्या क्रमाचा. इंग्रजी शाळेत इंग्रजी ही पहिली भाषा, मग मराठी आणि हिंदी. बहुतेक ठिकाणी उर्दूला जागाच नसते. आता आपल्या कोकणी घरातील मूल पाहा. घरात ते कोकणी बोली बोलते, मक्तबात अरबी अक्षरे वाचते, चार वर्षे उर्दूतून शिकते आणि पाचवीत एकदम इंग्रजी वर्गात बसते. त्याला गणित येत नसते असे नव्हे. अपूर्णांकाला ते 'कसर' म्हणून ओळखत असते, समीकरणाला 'मुसावात' म्हणून. प्रकाशसंश्लेषण ते 'जियाई तालीफ' म्हणून शिकणार असते. तेथे फळ्यावर फ्रॅक्शन आणि इक्वेशन येते. मुलाला विषय कळतो पण प्रश्न कळत नाही. बाई विचारतात, मूल गप्प राहते. सहा महिन्यांत वर्गात त्याची 'मठ्ठ' अशी गणना होऊ लागते आणि वाईट हे की, ते स्वतःलाही तसेच समजू लागते. म्हणून इंग्रजी माध्यमात घालायचेच असेल तर बालवर्गापासून किंवा पहिलीपासून घालावे. पाचवीत माध्यम बदलायचेच असेल, तर निदान एक वर्ष आधीपासून गणित व विज्ञानाचे इंग्रजी शब्द घरी शिकवावेत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. उर्दू व इंग्रजी ही दोन्ही पुस्तके समोरासमोर ठेवली तर तोच धडा, तीच आकृती दोन्हीकडे सापडते. याहून स्वस्त शिकवणी मला माहीत नाही.

दुसरा फरक मूल्यशिक्षणाच्या तासाचा. येथे पालकांच्या मनात शंका असते आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. कॅथलिक शाळेत कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग असतो. इतर मुलांसाठी सामान्यतः त्याच वेळी नीतिशिक्षणाचा, म्हणजे 'मॉरल सायन्स'चा तास असतो. त्यात खरे बोलणे, वडीलधाऱ्यांचा मान, शेजारधर्म, स्वच्छता असे विषय येतात. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या घरात शिकवत नाहीत? राहिला प्रश्न धार्मिक शिक्षणाचा. आपल्या संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, आणि मूल अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तेव्हा भांडणाची गरज नाही, अफवेचीही नाही. प्रवेशाच्या वेळी नम्रपणे विचारावे आणि आपले म्हणणे लेखी द्यावे. ज्या कलम ३० ने कॅथलिकांना आपली शाळा चालविण्याचा हक्क दिला, त्याच कलमाने आपल्या संस्थेलाही तो दिला आहे, हे विसरू नये.

तिसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ कॅथलिक शाळांत पहिली ते दहावी एकाच छताखाली चालते. आपल्याकडे अनेक ठिकाणी प्राथमिक उर्दू शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढची शाळा दूर, एस.टी. किंवा रिक्षाचे भाडे, मुलीला एकटी कशी पाठवायची ही चिंता, आणि मग शिक्षण तेथेच थांबते. कॉन्व्हेन्टच्या मुलीला सातवीनंतर 'आता पुढे काय' असे कोणी विचारतच नाही. ती त्याच फाटकातून आठवीत जाते. दहावीच्या निकालात जो फरक आपल्याला दिसतो, त्याचे एक मूळ येथे आहे. अभ्यासक्रम एकच असला तरी एकाकडे रस्ता अखंड आहे आणि दुसऱ्याकडे मध्ये ओढा आहे. त्या ओढ्यावर पूल बांधणे हे समाजाचे काम आहे.

आता त्यांच्या शिस्तीविषयी. कॅथलिक जेझुइट पंथाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी एक शिक्षणपद्धती लिहून काढली. तिचा एक कणा म्हणजे उजळणी. कालचा धडा आज म्हणायचा, आठवड्याचा अभ्यास शनिवारी पुन्हा घ्यायचा. हे ऐकून तुम्हाला काही आठवले का? आपल्या मक्तबात सबक आणि आमोख्ता म्हणतात ते हेच. नवा सबक घेण्यापूर्वी मागचे पक्के करायचे. ही पद्धत आपल्याला परकी नाही. आपण ती मक्तबात ठेवली आणि गणिताच्या वहीला मात्र लावली नाही, एवढेच.

माध्यम निवडण्याच्या हक्कासंबंधी एक इतिहास सांगण्यासारखा आहे. ६ जानेवारी १९५४ रोजी तेव्हाच्या मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाच्या नागरिकांखेरीज इतर मुलांना घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था, बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, न्यायालयात गेली. ही शाळा कॅथलिक नव्हे, अँग्लिकन परंपरेची. तिच्याबरोबर एक भारतीय ख्रिस्ती पालक होते आणि एक गुजराती हिंदू पालकही होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाचा. आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. केवळ भाषेच्या कारणावरून मुलाला शाळेचे दार बंद करता येत नाही, हे तेव्हा ठरले.

छागलासाहेब स्वतः मुंबईच्या जेझुइटांच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले. पुढे १९६३ ते १९६६ या काळात ते केंद्रात शिक्षणमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ साली कोठारी आयोग नेमला गेला. आज आपण दहा अधिक दोन अधिक तीन म्हणतो, शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, तीन भाषा शिकाव्या लागतात, या सर्वांना त्या आयोगाच्या अहवालाने बळ दिले. म्हणजे आज कॉन्व्हेन्टमध्ये काय, उर्दू शाळेत काय, मूल ज्या चौकटीत शिकते तिच्या उभारणीत आपल्यातल्या एका माणसाचाही हात आहे. ही चौकट परक्यांची आहे असे मनात आणण्याचे कारण नाही.

पालकहो, प्रवेश घेण्यापूर्वी पाच गोष्टी विचारा. शाळा कोणत्या मंडळाची आहे? अनुदानित आहे की विनाअनुदानित? फी किती व ती दरवर्षी किती वाढते? मराठी कोण शिकवते व किती तास? आणि नीतिशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात? अनुदानाचा प्रश्न किरकोळ समजू नका. आठवीतील मुलांसाठी केंद्राची आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांच्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतील मुलाला तिचे दार बंद. गरीब बापाने हा हिशेब आधी मांडावा.

आणखी एक हिशेब सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १,००० तास अध्यापनाचे प्रमाण घालून दिले. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे शिकवण्याचा वेळ साधारण नवव्या हिश्श्याएवढा. बाकीचे आठ हिस्से कोणाचे? तुमचे आणि माझे. कॅथलिक चर्चच्याच १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक आईबापच आहेत असे मानले आहे. मग भारी फी भरली म्हणजे जबाबदारी संपली, असे आपण कसे म्हणावे?

जी मुले इंग्रजी शाळेत जातात त्यांचे उर्दू घरी सांभाळा. रोज अर्धा तास पुरे. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येऊ नये, ही फार मोठी किंमत आहे. जी मुले उर्दू शाळेत आहेत त्यांचे इंग्रजी व मराठी पक्के करा. मराठीचा तर आपल्याला न्यूनगंड असूच नये. आपली कोकणी बोली तिच्या सख्ख्या बहिणीसारखी आहे. आणि १६१६ साली गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. त्यांनी आपल्या ग्रंथासाठी मराठी पसंत केली. साता समुद्रापलीकडून आलेल्याला जी भाषा जमली, ती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना जड का जावी?

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. कॉन्व्हेन्टमध्ये जाणाऱ्यांनी मोहल्ल्यातील उर्दू शाळेच्या सोबत्याला कमी लेखू नये, आणि उर्दू शाळेत जाणाऱ्यांनी खाली मान घालू नये. तुमच्या दप्तरातील विज्ञान बहुधा एकच आहे. संध्याकाळी दोघे एकत्र बसा. एकाने इंग्रजी शब्द सांगावा, दुसऱ्याने उर्दू सांगावा. दोघांचाही फायदा होईल आणि कोणाला एक पैसाही खर्च येणार नाही.

संस्थेच्या कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. सातवीनंतर मोहल्ल्यातील किती मुली व किती मुलगे आठवीत गेले, याची यादी दरवर्षी जूनमध्ये करावी. ज्याचे नाव सुटले त्याच्या घरी दोघांनी जावे व कारण विचारावे. भाडे अडले असेल तर भाड्याची, सोबत अडली असेल तर सोबतीची सोय करावी. शाळा उर्दू असो वा कॉन्व्हेन्ट, मूल शाळेत राहिले तरच अभ्यासक्रमाच्या चर्चेला अर्थ आहे.