विनोदाच्या पाठीशी कविता



'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही उक्ती आपल्याकडे लहान मुलाच्याही तोंडी असते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरीही आपण तितक्याच आवडीने सांगतो. पहिलीत बढाई आहे, दुसरीत स्वतःचीच थट्टा. जो समाज स्वतःवर हसू शकतो, त्याच्यात विनोदाचे बीज असतेच. त्याच परभणीचे सुपुत्र श्री. संकर्षण कऱ्हाडे यांच्या वाटचालीच्या निमित्ताने आज काही विचार मांडावयाचे आहेत.

दूरचित्रवाणीने त्यांना घरोघरी पोहोचविले. 'आम्ही सारे खवय्ये'चे सूत्रसंचालन त्यांनी केले. २०२१ साली सुरू झालेल्या 'माझी तुझी रेशीमगाठ' या मालिकेतील त्यांचा समीर प्रेक्षकांना आपल्या घरातला वाटला. परंतु हे अभिनेते मुळात लेखकही आहेत. 'तू म्हणशील तसं', 'नियम व अटी लागू' आणि २०२५ साली आलेले 'कुटुंब किर्रतन' ही नाटके त्यांच्याच लेखणीतून उतरली. आणि 'संकर्षण व्हाया स्पृहा' या कार्यक्रमात स्पृहा जोशी यांच्यासमवेत ते स्वतःच्या कविता सादर करतात. केवळ कविता आणि गप्पा ऐकण्यासाठी लोक तिकीट काढून येतात, ही गोष्ट आजच्या काळात लहान नव्हे.

हसविणाऱ्या माणसाला कवितेची गरज का भासावी? दूरचित्रवाणीवरील विनोदी लेखनाचे स्वरूप पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. तेथे प्रसंग किती मिनिटांचा, कलावंत किती, जाहिरात कोठे येणार, हे आधीच ठरलेले असते. आज लिहिलेले उद्या चित्रित होते आणि पुढच्या आठवड्यात नवे द्यावे लागते. हे काम कष्टाचे आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण अशा दळणात लेखकाचे स्वतःचे धान्य संपून जाण्याचा धोका असतो. कविता कोणी मागितलेली नसते. तिला वाहिनीची वेळ नसते. म्हणून तिच्यात लेखकाची शिल्लक सुरक्षित राहते आणि अडचणीच्या वेळी तीच विनोदाला पुरविली जाते.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील श्री. अरविंद जगताप यांचे उदाहरण घ्या. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात पत्र वाचीत आणि क्षणापूर्वी खदखदून हसणारे सभागृह स्तब्ध होई. ती पत्रे जगतापांची. हसणाऱ्या माणसाच्या मनाचे दार उघडे असते, हे त्यांनी ओळखले होते. त्या दारातून शेतकऱ्याचे दुःखही आत जाऊ शकले.

ही परंपरा नवी नाही. पैठणला नाथांनी भारुडातून लोकांना हसवीत हसवीत परमार्थ शिकविला. त्याच गोदावरीच्या काठी आपले गंगाखेड, संत जनाबाईंचे. त्यांचा विठ्ठल जात्याशी बसून दळू लागतो आणि प्रसंगी जनीची बोलणीही खातो. देवाशी इतकी मोकळीक ज्या भाषेत घेता येते, त्या भाषेत हास्य आणि भक्ती यांचे घर एकच आहे.

मात्र एक कटू स्मरणही आवश्यक आहे. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ हे कवी, कथाकार, कादंबरीकार. निजामी राजवटीत त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनी केली, त्या फायलींतून वेळ काढून मराठीची सेवा केली आणि १९५३ साली परभणीच्या कार्यालयात काम करीत असतानाच, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. हयातीत त्यांच्या लेखणीला आपण किती निश्चिंतता देऊ शकलो?

म्हणून माझे निवेदन कुटुंबांना आहे. मुंबईत नाव झाले की आपण सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. पण दहावीतला मुलगा वहीच्या मागच्या पानावर कविता लिहितो, तेव्हा त्याला आपण काय म्हणतो? 'आधी अभ्यास कर' हे म्हणावेच. अभ्यासाला पर्याय नाही. पण ते पान फाडू नये. एकदा त्याच्याकडून ते वाचून घ्यावे. गावात नाटक आले तर सहकुटुंब जावे, आणि फुकट पासाची वाट न पाहता तिकीट काढून जावे. गणेशोत्सवाच्या मंडपात एक संध्याकाळ गावातल्या लिहिणाऱ्या मुलामुलींना द्यावी.

एवढे केले तर पुढचा लेखक मुंबईला जाईल तो रिकाम्या हाताने जाणार नाही. त्याच्या पिशवीत परभणीची बोली असेल, आणि ती ऐकण्याची सवय असलेली माणसे त्याच्या मागे, येथे, असतील.