हिरव्या पाण्याचे काम

पेडणे तालुक्यातील पार्से घ्या किंवा कोकणातले दुसरे कोणतेही गाव घ्या. गोठ्यामागच्या खड्ड्यातले पाणी हिरवे झाले की माणसे नाक मुरडतात. पाणी नासले, असे समजतात. वस्तुतः तेथे ते सुधारू लागलेले असते. तो हिरवेपणा म्हणजे सूक्ष्म शेवाळ. उन्हात ते प्राणवायू सोडते, त्यावर जगणारे जीवाणू घाण कुजवतात, आणि त्यातून सुटणारा कर्बवायू व नत्र-स्फुरद शेवाळ खाऊन टाकते. हा व्यवहार विल्यम ओस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात बारकाईने अभ्यासला.

घाणीपासून वायू मिळवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याचा वायू साठवण्याची व्यवस्था १८९७ सालची. पेडण्याहून फार दूर नसलेल्या कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात मैला आणि शेण यांचे सोने करण्याचा ध्यास घेतला होता. परंतु गोबरगॅस सगळाच जळत नाही. त्याच्या शंभर भागांत मिथेन साधारण ५५ ते ६५; बाकीचा बहुतेक कर्बवायू, आणि इंजिनाचे धातू खाणारा थोडा गंधकयुक्त वायू. शिवाय टाकीतून बाहेर पडणारा पातळ रबडा शेताला पुरून उरला, तर त्यातले नत्र झिरपत विहिरीपर्यंत जाते.

या दोन्ही दुखण्यांवर शेवाळ चालते. उंच नळीत वरून शेवाळतळ्याचे अल्कधर्मी पाणी आणि खालून वायू सोडला, की कर्बवायू पाण्यात विरघळतो. मिथेन फारसा विरघळत नाही. ते पाणी तळ्यात परतते आणि शेवाळाला अन्न मिळते. एक किलो कोरडे शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कर्बवायू खपतो. वायू थेट तळ्यातून मात्र सोडू नये. त्यात प्राणवायू मिसळला तर स्फोटाचे भय असते, आणि उत्साही माणसे नेमके हेच विसरतात.

स्पेनमधील चिक्लाना येथे शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्याच्या वायूवर मोटारी चालवून दाखवण्यात आल्या. गोव्यात ऊन मुबलक, पण शेवाळ रात्री उलट कर्बवायूच सोडते, आणि जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही. तळे हातभरच खोल हवे, म्हणून जागा फार लागते. इतके बारीक शेवाळ पाण्यातून गाळून काढणे तर सर्वांत खर्चाचे. दोन गुरांच्या घराला हा खटाटोप परवडायचा नाही. दुग्धशाळेला किंवा गावाच्या सामायिक टाकीला कदाचित परवडेल. तेथेही कुदळ मारण्यापूर्वी पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते पाणी कोठे ठेवायचे, हे ठरवावे लागेल.